एकतीस नंबरचा कागद

४ तारीख, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी वही लिहायला सांगितली म्हणून लिहितेय. रक्त तपासून झालं, छातीचा आलेख काढून झाला, सगळं उत्तम. "तुमच्यापेक्षा माझे रिपोर्ट वाईट आहेत," असं त्याच म्हणाल्या. मग विचारलं, थकवा नेमका कुठे वाटतो? मी म्हटलं, सगळीकडे. सगळीकडे म्हणजे कुठे, पाय, पाठ, डोळे? मला काही सांगता येईना. शेवटी म्हणाल्या, महिनाभर लिहून ठेवा, कधी येतो, काय करताना येतो, आणि वही घेऊन या.

तर. सहा दहा: उठले, थकलेलीच. साडेनऊ: केंद्राचा जिना, दोन मजले, थकवा. दहा ते सहा: मुलं, आईबाप, फोन, थकवा. रोज हेच लिहायचं असेल तर एक ओळ लिहून खाली 'वरीलप्रमाणे' म्हटलं तरी भागेल.

केंद्र म्हणजे करिअर मार्गदर्शन केंद्र. शाळा संपलेली मुलं येतात, एकशेवीस प्रश्नांच्या कागदावर गोल काळे करतात. मशीन तो कागद वाचतं आणि आठ पानी अहवाल देतं: तुम्हाला आयुष्यात काय मोलाचं वाटतं, कसं जगायला आवडेल, आणि म्हणून कोणतं काम बरं. तो अहवाल मुलांना आणि आईबापांना समजावून सांगायचं काम माझं. एकोणीस वर्षं सांगतेय. आता तोंड बोलतं, मी ऐकत नाही.

आज नवीन मशीन आलं. केंद्र ज्यांचं आहे ते सर म्हणाले, "मॅडम, चाचणीला एक कागद भरून द्या. काहीही काळं करा." प्रत्येक नंबरचे दोन कागद छापून येतात, एक मुलाला, एक राखीव. राखीव गठ्ठ्यातला हाताला आला तो घेतला, एकतीस नंबरचा. पण जेवणाची सुट्टी होती, बोलायला कुणी नव्हतं, म्हणून काहीही काळं न करता खरा खरा भरला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. फोन वाजला की काय वाटतं? 'उचलू नये असं.' दिवसात किती माणसं भेटली तर बरं? 'एखाद-दुसरं.' शेवटी एक लेखी प्रश्न असतो, काय करताना वेळ कळत नाही? तो मशीनला वाचता येत नाही आणि खरं सांगायचं तर आम्हीही वाचत नाही. तिथे काहीतरी खरडलं तेवढ्यात सरांची हाक आली. मशीन नीट चाललं. कागद कुठेतरी ठेवला.

७ तारीख, गुरुवार

दोन दिवस लिहिलं नाही. थकवा होता, लिहिण्याचाही आला.

मदतनीस बाई रजेवर, म्हणून या महिन्याच्या मुलांचे कागद मीच मशीनमध्ये घातले. मुलं चाळीस, कागद भरले एकेचाळीस. पुन्हा मोजायचा कंटाळा आला. मशीनला कळेल म्हटलं, त्यासाठीच तर आणलंय.

चार वाजता सरांनी बोलावलं. दुसरी शाखा उघडतायत आणि तिची प्रमुख मी. "तुमच्याशिवाय कोण आहे, मॅडम?" या एका वाक्यानं माझ्याकडून आजवर काय काय करून घेतलंय त्याची यादी केली तर ही वही पुरायची नाही. महिनाअखेर सांगा म्हणाले. मी म्हटलं, बघू या. माझं 'बघू या' म्हणजे हो, हे त्यांनाही माहीत आहे.

घरी सांगितलं. नवरा जमीनमोजणीत आहे. दिवसभर उन्हात उभा असतो, घरी येऊन पाय धुतो आणि त्याचा दिवस संपतो. मला त्याचा हेवा वाटतो, पायांचा नाही, संपण्याचा.

"तुला काय हवंय पण?" त्यानं विचारलं.

"झोप."

"ती शाखा उघडल्यावर मिळणार आहे का?"

मी चष्मा शोधत होते. तो म्हणाला, "जगाला दिशा दाखवतेस आणि घरात चष्मा सापडत नाही." चष्मा डोक्यावर होता.

११ तारीख, सोमवार

मुलं यायच्या आधी अहवाल चाळायचे असतात. एकतीस नंबरचा वाचला आणि मागे जाऊन पुन्हा वाचला. 'कमी माणसांत रमणारी. फोन, आवाज व सततची मागणी यांनी दमते. हातानं करायच्या बारीक, संथ कामात समाधान. वस्तूंची दुरुस्ती, जतन. स्वतःचं म्हणणं मांडायला संकोच. दुसऱ्यांच्या सोयीनं जगण्याचा धोका.' सतरा वर्षांच्या मुलीचा अहवाल. अहवाल वाचून एखादं माणूस भेटावंसं वाटलं, असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

अकराला ती आली. तोंडाचा पट्टा सुरू. जिन्यात भेटलेल्या माणसाची सगळी चौकशी करून आली होती. पाच मिनिटांत माझ्या साडीपासून मदतनीस बाईंच्या गुडघ्यापर्यंत सगळ्याला हात घालून झाला. घाबरलेली माणसं फार बोलतात. मी पण पहिल्या वर्षी अशीच बोलायची. वडिलांचं दिव्यांचं दुकान आहे, झुंबरं, शेड, टेबललॅम्प. तिला इथल्याच कॉलेजात विक्री-व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाला जागा मिळालीय, तीस तारखेपर्यंत पक्की करायची. शिकून वडिलांच्या दुकानात बसायचं.

"तुला हेच हवंय?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून, "म्हणजे, नसावं का?"

बघितलंत? विचारायचीही भीती. मी तिला अहवाल वाचून दाखवला. ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "हे मी आहे?" लिहितानासुद्धा डोळ्यांत पाणी आलं, आपण कोण आहोत हे या पोरीला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

सहा वाजता खाली उतरले. तळमजल्यावर बाइंडरकाकांचं दुकान आहे. केंद्राच्या नोंदवहीचा पुठ्ठा सुटलाय, तो दाखवायला गेले. ते शिवत होते, मी दोरा धरला. घरी पोचायला उशीर कसा झाला कळेना. घड्याळ बघते तर सात पाच.

१२ तारीख, मंगळवार

आज मुलीचे वडील आले. साधा माणूस, हातात दुकानाची पिशवी. अहवाल त्यांनी बोट ठेवून वाचला.

"मॅडम, चुकतंय कुठेतरी. ही गप्प बसत नाही हो. गिऱ्हाईक नसलं तर दिव्यांशी बोलते. ही बंद खोलीत जुने कागद चिकटवत बसेल?"

मी या मुलीसाठी एक जागा शोधून ठेवली होती. जुनी पुस्तकं, नकाशे, कागद जतन करायला शिकवणारी संस्था, परगावी, राहायची सोय. घेण्याआधी चार दिवस राहून बघा म्हणतात. पत्रक माझ्या टेबलाच्या कप्प्यात होतंच. कधीपासून होतं कुणास ठाऊक.

मग मी बोलले. असं मी कधी बोलत नाही. म्हटलं, तुम्हाला दिसतं ते वागणं आहे. आत काय आहे ते कुणी विचारलं नाही म्हणून दिसलं नाही. म्हटलं, माणूस नको त्या कामात चांगलं निघालं की झालंच, मग त्याला तिथून कुणी हलू देत नाही. सगळे म्हणतात तुझ्याशिवाय कोण, आणि ते बिचारं तिथेच संपतं. तुम्हाला तुमची पोरगी वीस वर्षांनी तशी बघायचीय का? सर काचेतून बघत होते.

ते बराच वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "सतरा वर्षं घरात वावरतेय, आणि मला ओळखता आली नाही. तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्ही इतक्या पोटतिडकीनं सांगताय म्हणजे असेल."

जिंकले. थकवा: नाही. आश्चर्य आहे.

१६ तारीख, शनिवार

बाइंडरकाकांकडे माझा जुना शब्दकोश नेला, पाठ निखळलीय. काका म्हणाले, "ताई, नोंदवही झाली, शब्दकोश झाला, घरातली फाटकी पुस्तकं संपली की काय आणणार?" मी हसले. त्यांनी सुई माझ्या हातात दिली आणि एक घडी शिवायला लावली. वाकडी आली. मग पुठ्ठ्याला खळही मीच लावली. त्यांच्या अंगठ्याचा सांधा सुजलेला असतो हल्ली. दुकान आवरायचं म्हणतात, शिकायला कुणी येत नाही.

तिथून तशीच दिव्यांच्या दुकानात गेले. मुलगी तिच्या रोजच्या जागी कशी असते ते पाहावं म्हटलं. एक म्हातारं जोडपं मोठा दिवा मागत होतं. हिनं विचारलं, "झोपून वाचता का? कोण कुठल्या कुशीवर?" म्हाताऱ्या बाई लाजल्या. हिनं त्यांना मागितलेल्यापेक्षा लहान दिवा दिला, मान वळणारा, म्हणाली एकाला वाचायचं असलं तर दुसऱ्याला झोपता येईल. म्हातारा जाताना दोनदा वळून हसला.

मुलगी सतत हसत होती. मला ते हसू ओळखीचं आहे. आईबापांसमोर मी असंच हसते, आठ तास. घरी आल्यावर गाल दुखतात. बिचारीचे किती दुखत असतील.

"मॅडम, परवा निघते मी तिकडे," ती म्हणाली. "बाबा म्हणतात, तुम्ही सांगितलंत ते खरं असेल. मी इकडच्या कॉलेजला अजून कळवलं नाही."

"कळवूही नकोस," मी म्हटलं. "आधी बघून ये."

२१ तारीख, गुरुवार

सरांनी नव्या शाखेची जागा दाखवायला नेलं. चार खोल्या, प्रत्येक खोलीत फोन. माझ्या नावाची पाटी कुठे लागणार तेही दाखवलं. सगळीकडे 'छान आहे' म्हटलं. परतताना गाडीत डोळा लागला.

नवऱ्यानं विचारलं, हो म्हणालीस? मी म्हटलं, अजून नाही. तो म्हणाला, "नाही म्हणालीस?" अजून नाही. "मग काय म्हणालीस?" छान आहे म्हणाले. तो पेपरात तोंड घालून म्हणाला, "दिव्याचं दुकान चालवणाऱ्याशी भांडायला जीभ चालते."

मी म्हटलं, ते वेगळं, ते दुसऱ्यासाठी होतं.

२५ तारीख, सोमवार

मुलगी परत आली. आज आली तेव्हा जिन्यात कुणाशी बोलली नाही, ते मदतनीस बाईंच्या लक्षात आलं, माझ्या नाही.

"कसं होतं?"

"छान होतं." मग रडायला लागली. तिथली माणसं चांगली आहेत म्हणे. कामाच्या खोलीत इतकं शांत की भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं. जेवतानाही हळू बोलतात. "मॅडम, मला फोन वाजला की धावत सुटायची सवय. तिथे चार दिवस फोन वाजला नाही. तिसऱ्या दिवशी मी दारात उभी राहून कुणीतरी यायची वाट बघत होते."

मी म्हटलं, थोडा वेळ दे, नव्या जागी असं होतं.

"पण अहवालात लिहिलंय ना मला शांतता आवडते? मग मला का नाही आवडली? माझ्यातच काहीतरी वाईट आहे का?" डोळे पुसून तीच म्हणाली, "मी शिकेन आवडून घ्यायला. तुम्ही बाबांशी एवढं भांडलात माझ्यासाठी."

ती गेल्यावर दोन मुलं समजावली. काय समजावलं आठवत नाही. फोनचं वाक्य डोक्यातून जाईना. अहवालात तर फोन नको असं आहे.

२६ तारीख, मंगळवार

सकाळी लवकर जाऊन कपाटातून कागदांचा गठ्ठा काढला. एकतीस नंबरचे कागद दोन निघाले.

एकावर शेवटच्या लेखी प्रश्नाला गोल अक्षरात उत्तर आहे: 'दुकानात गिऱ्हाईक असताना.' दुसऱ्यावर: 'फाटलेलं जोडताना.' हे दुसरं अक्षर माझं आहे. एकोणीस वर्षं मी या अक्षरात मुलांच्या फायलींवर शेरे मारतेय.

मदतनीस बाईंना विचारलं, एकाच नंबरचे दोन कागद गेले तर मशीन काय करतं? "शेवटी गेलेला धरतं आणि आधीचा पुसतं." सगळ्यांना माहीत होतं. मी एकेचाळीस मोजले आणि पुन्हा मोजले नाहीत. मुलीचा कागद त्या दिवशी मीच पुसला आणि माझा तिच्या गळ्यात घातला.

मुलीचा खरा कागद मशीनमध्ये घातला. माणसं, बोलणं, धावपळ, समोरच्याची गरज ओळखणं, घराजवळ राहणं. पहिलं सुचवलेलं काम: दुकान.

लाज वाटली. इतकी की बसूनच राहिले. वडिलांनी सांगितलं होतं, गप्प बसत नाही. पोरीनं सांगितलं होतं, हेच हवंय. मी स्वतः दुकानात उभी राहून पाहिलं होतं आणि तिच्या हसण्याला दुःख समजून आले होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. आणि एवढं करून माझा स्वतःचा अहवाल मी पंधरा दिवस वाचत होते आणि म्हणत होते, काय गुणी मुलगी आहे.

तीस तारखेला तिची जागा जाईल. आज सव्वीस.

२७ तारीख, बुधवार

आधी सरांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"मॅडम, अहवाल म्हणजे काय, एक दिशा. थोडी इकडे, थोडी तिकडे."

"ती जायला तयार झालीय, सर. रडत तयार झालीय."

"मग झालं तर. नव्या शाखेच्या तोंडावर हा बोभाटा कशाला? मुलं जुळवून घेतात. तुम्ही नाही का घेतलंत?"

ते वाईट हेतूनं बोलले नाहीत. कौतुकच करत होते. पण या पोरीच्या वीस वर्षांनंतरचं चित्र मी तिच्या बापाला दाखवलं होतं, ते कुणाचं होतं ते तेव्हा कळलं.

मी म्हटलं, मी उद्या जाऊन सांगणार आहे. ते म्हणाले, विचार करा, शाखेचंही त्यातच बघावं लागेल. पहिल्यांदाच मी 'बघू या' म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही, पण तेही कमी नव्हतं.

२८ तारीख, गुरुवार

सगळं लिहून ठेवते.

दुकान उघडतानाच गेले. वडील शेडवरची धूळ पुसत होते, मुलगी तारा गुंडाळत होती. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही असं ठरवून गेले होते, म्हणून उभ्या उभ्याच सांगितलं. अहवाल चुकीचा होता. चूक मशीनची नाही, माझी. हा तुझा खरा अहवाल. तुला हवं होतं तेच बरोबर होतं. परवापर्यंत कॉलेजात जा.

मुलीनं खरा अहवाल पहिल्या पानावरच मिटला, पुढे वाचायची तिला गरज नव्हती. मला वाटलं होतं आनंदेल. ती संतापली.

"चार दिवस मी तिथे स्वतःला शिव्या देत होते, मॅडम. वाटायचं मी थिल्लर आहे. खोलवर काहीतरी चांगलं आहे आणि मी ते बडबडून घालवतेय."

"खरंय," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? "माझं चुकलं. तू सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही."

वडील फडकं हातात धरून उभे होते. "मग तो पहिला कोणाचा?"

"माझा."

"म्हणजे तुम्ही त्या दिवशी माझ्याशी भांडलात ते..."

"हो. मला माहीत नव्हतं."

मला वाटलं आता ओरडतील. मी त्यासाठी तयार होते, ओरडले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी गल्ल्याखालून तो अहवाल काढला. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता. "मी रोज वाचायचो हा," म्हणाले. "दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आपल्याच घरात आहे असं वाटायचं. आता हा तुम्हीच घ्या. पण एक सांगा, माझ्याशी भांडलात, आता कोणाशी भांडणार?"

मी पिशवी घेतली आणि रडले, भर दुकानात, एका गिऱ्हाइकासमोर. मुलीनं स्टूल पुढे सरकवलं. तिचा राग गेला नव्हता, पण समोर कुणी रडत असलं की तिला काहीतरी करावंच लागतं, ते मी आता शिकलेय. माझ्या हातातून पिशवी घेऊन तिनं पाचवं पान काढलं.

"बारीक काम, संथ काम," ती वाचत होती. "तुम्ही बसून करता की उभ्यानं?"

"मी काही करत नाही गं."

"करता. मागच्या वेळी आलात तेव्हा तुमच्या नखांना खळ लागली होती. सुकलेली." मग तिनं माळ्यावरून एक दिवा काढला. "उजव्या हातानं ना? मग हा डावीकडे ठेवायचा, नाहीतर हाताची सावली कामावर पडते. पिवळा बल्ब नको, कागदाचा रंग कळत नाही. आणि हा वाकवला की वाकवलेलाच राहतो, बघा."

"मला नकोय," मी म्हटलं.

वडील पहिल्यांदा हसले. "हिला कुणाला नाही म्हणता येत नाही, मॅडम. मलाच आलं नाही इतकी वर्षं. घ्या गुपचूप."

दिवा घेऊन बाहेर पडले. कॉलेजात दोघं दुपारीच जाणार होते.

३० तारीख, शनिवार

सरांना शाखा नको म्हणून सांगितलं. कारण विचारलं. मी म्हटलं, मला नको आहे. ते वाट बघत राहिले, पुढे काही येईल म्हणून. पुढे काही नव्हतं. केंद्रात दुपारी दोन ते सहा येईन, एवढंच म्हटलं. फुगलेत, पण माणूस मिळेपर्यंत चालवून घेतील. यापुढे शेवटचा लेखी प्रश्न मी सगळ्यात आधी वाचणार आहे, तेही सांगितलं. "वेळ लागेल," म्हणाले. लागू दे.

नवरा म्हणाला, "दिवा कुठे ठेवणार?" मी म्हटलं, घरात नाही.

९ तारीख, सोमवार

उद्या डॉक्टरीणबाईंकडे वही न्यायचीय, म्हणून हे शेवटचं पान.

आठवडा झाला, सकाळी बाइंडरकाकांकडे बसतेय. दिवा डाव्या हाताला ठेवलाय. काकांनी पहिल्या दिवशी बघून घेतला, म्हणाले, "चांगलाय. कोणी दिला?" एका मुलीनं, मी म्हटलं. आज त्यांनी मला चारशे पानांचं पुस्तक शिवायला दिलं. शिवून झालं तेव्हा उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, अख्खं उसवा." अख्खं उसवलं. पुन्हा शिवलं. अजून वाकडंच आहे. उद्या परत उसवायचं.

मधे फोन वाजत होता. हात खळीत होते, घेतला नाही. नंतर बघितलं तर त्या मुलीचे तीन. कॉलेजचा पहिला दिवस होता आज तिचा. मी उलट फोन केला तेव्हा मागे इतका गोंधळ होता की तिचं निम्मंच ऐकू आलं, पण ती ओरडून बोलत होती आणि मधेच दुसऱ्याच कुणालातरी उत्तर देत होती.

केंद्रात दोनला पोचायचं होतं. पोचले तेव्हा सर घड्याळाकडे बघत होते. माझं काकांकडे राहिलं होतं.

थकवा: आहे. पाठीत, कमरेच्या वर, डावीकडे. उजवा खांदा. दोन बोटांची टोकं, सुईमुळे. आणि अंगठ्याच्या मुळाशी, काकांना जिथे होतो तिथेच. बाईंनी विचारलं तर बोट ठेवून दाखवता येईल.